विश्वस्तांस योग्य वाटेल तेव्हा

जळगाव
१२ फेब्रुवारी २०२३

ती. नाना,

पाया पडायला धुळ्याला यायचं होतं, पण मेसच्या पोरांना उपाशी ठेवून निघता येत नाही, म्हणून कागदावरच पाया पडते. बेबाकाकूंनाही नमस्कार सांगा.

मागच्या आठवड्यात मी फोन केला तेव्हा तुम्ही म्हणालात, ट्रस्टच्या कामाचं फोनवर बोलायचं नाही, लेखी अर्ज करायचा आणि तो पोस्टाने पाठवायचा. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून तुम्ही कधीच निवृत्त झालात, पण लेखा विभागाने तुम्हाला अजून सोडलेलं दिसत नाही. असो. हा माझा अर्ज. सख्ख्या काकाला अर्ज कसा लिहायचा ते मला शाळेत शिकवलं नव्हतं, म्हणून घरच्यासारखा लिहिते. चूकभूल पोटात घाला.

आमच्या सासरच्या घराचं तुम्हाला माहीत आहे. किरणच्या पप्पांनी आपला हिस्सा दोन वर्षांपूर्वी थोरल्या दिरांना विकला आणि तो पैसा बोदवडकडच्या एका मित्राच्या कापसाच्या जिनिंगमध्ये भागीदारीला घातला. जिनिंग पहिल्याच हंगामात बसली. तेव्हापासून आम्ही त्या घरात दिरांच्या मेहेरबानीवर राहतो आहोत. आता त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं. त्यांनी मला नीट बसवून, चहा पाजून सांगितलं की दसऱ्यापर्यंत खोल्या मोकळ्या करा. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

पिंप्राळ्यात झुंबरबाई म्हणून एक म्हातारी आहे. एकटी असते, दोन्ही वेळचा डबा माझ्याच मेसचा. तिचा मुलगा तिला सुरतेला घेऊन चाललाय. तिच्या दोन खोल्या आहेत, मागे अंगण आहे, अंगणात नळ आहे. एका खोलीत राहीन, दुसरीत मेस चालवीन. बाहेरचं गिऱ्हाईक जास्त देतंय तरी ती म्हणते, तुझ्या हातची भाकरी खाल्ली, तुलाच देईन, पण दसऱ्याच्या पुढे थांबणार नाही. तिचा भाव आणि आबांनी माझ्यासाठी ठेवलेली रक्कम जवळजवळ सारखीच आहे.

आबांनी तो पैसा कशासाठी ठेवला हे मी तुम्हाला काय सांगू. पारोळ्याजवळचं आपलं काही शेत हायवेच्या रुंदीकरणात गेलं, मोबदला आला, त्यातला एक वाटा आबांनी माझ्या नावाचा ट्रस्ट करून ठेवला आणि भावावर भरवसा म्हणून विश्वस्त तुम्हाला नेमलं. औषधपाणी, शिक्षण आणि निवारा, असं त्यात लिहिलंय. त्यांना जाऊन पाच वर्षं झाली. किरणच्या कॉलेजची फी मी भाकऱ्या थापून भरली, पण तुमच्याकडे कधी हात पसरला नाही. आज पहिल्यांदा मागते, तेही राहायच्या जागेसाठी.

तुमची,
रत्ना

धुळे
२७ फेब्रुवारी २०२३

चि. रत्ना,

आशीर्वाद. तुझा अर्ज मिळाला. त्यावर मी विश्वस्त या नात्याने शांतपणे विचार केला.

ट्रस्टच्या कागदात निवारा हा शब्द आहे हे खरं. परंतु त्याच वाक्यात पुढे असंही आहे की "विश्वस्तांस योग्य वाटेल तेव्हा व योग्य वाटेल तेवढी रक्कम द्यावी." हे पुढचं तू लिहिलं नाहीस. निवारा म्हणजे ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याला छप्पर. तुला नवरा आहे, सासर आहे. तुझ्या निवाऱ्याची जबाबदारी जितेंद्ररावांची आहे. उद्या मी पुतणीला घर घेऊन दिलं तर लोक म्हणतील, जावयाची ऐपत नाही. त्यांचा मान आपण सांभाळायचा नाही तर कोणी सांभाळायचा?

फोनवर तू "तुमच्या मर्जीवर आहे" असं म्हणाली होतीस. मर्जी म्हणू नकोस. त्याला विवेकाधिकार म्हणतात. तो वापरताना भावनेच्या आहारी जायचं नसतं. पाच वर्षांत मी ट्रस्टचा एक रुपया खर्च होऊ दिलेला नाही. व्याजासकट रक्कम जिथल्या तिथे आहे. असा विश्वस्त आजकाल मिळणार नाही, हे लक्षात ठेव.

सबब तुझी विनंती तूर्त मान्य करता येत नाही. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावाकडे तुझ्या भावाच्या, भूषणच्या घरी ये. मीही येणार आहे. दरवर्षीप्रमाणे लुगडं घेऊन ठेवतो.

तुझी काकू ज्वारीचे बिबडे पापड मागते आहे. कोणी येणारं असेल तर पाठव.

लोटननाना

जळगाव
९ मार्च २०२३

ती. नाना,

बिबडे पाठवलेत. काकूंना द्या. त्यांचा माझ्या अर्जाशी काही संबंध नाही.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं मला समजलं नाही, दुसऱ्यांदा समजलं, तिसऱ्यांदा संताप आला. तो मी लपवणार नाही. पाच वर्षांत एक रुपया खर्च होऊ दिला नाही, हे तुम्ही अभिमानाने लिहिलंत. नाना, आबांनी तुम्हाला पैसा राखायला ठेवलं होतं की माझ्या अडीनडीला द्यायला? तहानलेल्याला विहीर किती भरलेली आहे हे सांगून कोणाचं भलं होतं?

आणि हे पैसे आले कुठून तेही एकदा बोलून टाकू. हायवेचा मोबदला आला, तेव्हा उरलेल्या शेताची मी पारोळ्याला येऊन हक्कसोड करून दिली. भूषणच्या नावे सगळी जमीन व्हावी म्हणून मी बापाच्या इस्टेटीवरचा हक्क सोडला. आपल्याकडे सगळ्याच बहिणी सोडतात, नाहीतर माहेरचं दार बंद होतं. मीही सोडला. तुम्ही साक्षीदार म्हणून तिथेच उभे होतात. माझा हात थांबला होता, आठवतं? तेव्हा आबा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "तू सही करी दे बेटा. तुनं मी निराळं ठेयेल शे." त्यावर मी सही केली. नंतर आबांनी सगळ्यांना उसाचा रस पाजला, तुम्ही दोन ग्लास प्यायलात.

हा ट्रस्ट म्हणजे ते निराळं ठेवलेलं. ते दान नाही, लुगडं नाही, माझ्या सहीच्या बदल्यात आबांनी दिलेला शब्द आहे. तो शब्द तुमच्याकडे ठेवायला दिलाय, तुम्हाला दिलेला नाही.

माझ्या नवऱ्याचा मान सांभाळायची तुम्हाला काळजी आहे. त्या मानात माझा संसार मावत नाही. दिरांच्या ओसरीवर चुलीला जागा मागताना माझा मान कुठे जातो, हे विचारायला तुमच्या विवेकाधिकाराला वेळ झाला नाही.

मला ट्रस्टच्या कागदाची नक्कल पाठवा. ती मागायचा मला हक्क आहे, असं मेसमध्ये जेवणाऱ्या एका वकिलीच्या पोराने सांगितलं. आणि अर्जाचा पुन्हा विचार करा.

रत्ना

धुळे
३० मार्च २०२३

चि. रत्ना,

नक्कल सोबत जोडली आहे. झेरॉक्सचे पैसे घेतलेले नाहीत.

तुझ्या पत्रातली भाषा मी मनावर घेत नाही. तू माझ्यासमोर झबल्यात फिरलेली पोर आहेस. पण तू मला लोभी ठरवू पाहतेस, म्हणून जे पोटात ठेवायचं होतं ते लिहावं लागतंय. हे पत्र जितेंद्ररावांच्या नजरेस पडू देऊ नकोस.

आबा धुळ्याच्या दवाखान्यात होते तेव्हा शेवटच्या दिवसांत रोज मीच उशाशी असायचो. एका दुपारी त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "लोटन, जवाईना हातमा पैसा जाऊ देऊ नको. मनी पोर उघडी पडी जाई." दुसऱ्या दिवशी त्यांची वाचा गेली. माझ्या थोरल्या भावाचा हा शेवटचा शब्द आहे. तो मी कागदापेक्षा मोठा मानतो.

आता तूच सांग. तुला पैसे दिले की ते घरात जाणार, घरात गेले की नवऱ्याला कळणार, त्याला कळलं की जिनिंगवाल्याला कळणार. मग खोल्याही नाहीत आणि पैसाही नाही. तुझ्याच भल्यासाठी मी वाईटपणा घेतो आहे. एक दिवस तुला पटेल.

तुझ्या आबांची दोन अखाजी तू चुकवलीस. बाप गेल्यावर त्याच्या नावाची घागर भरायला लेक येत नाही याचं मला फार वाटतं. या वर्षी तरी ये.

लोटननाना

जळगाव
२६ एप्रिल २०२३

नाना,

अखाजीला आले. आबांची घागर भरली, आमरस वाढला, भूषणच्या पोरींना झोक्यावर झुलवलं. मग सगळं आटोपल्यावर ओट्यावर तुमच्याजवळ येऊन बसले आणि हलक्या आवाजात विचारलं. तुम्ही गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालात, सणाच्या दिवशी पैशाचा विषय काढू नये. भूषण खाली मान घालून सुपारी कातरत राहिला. माझ्या सहीवर शेत त्याच्या नावे झालं होतं. तुम्ही माझ्या हातात लुगडं दिलंत आणि सगळ्यांनी बघितलं की नानांनी पुतणीला लुगडं दिलं.

ते मी तिथेच खुंटीवर ठेवून आले. वहिनीला नेसू द्या.

आबांचं म्हणणं तुम्ही मला कळवलंत ते बरं केलंत. ते खरं असणार, माझा नवरा आबांना चांगला ओळखता आला होता. तो वाईट माणूस नाही. कोणी पाठीवर हात ठेवला की हो म्हणतो आणि सही करतो, एवढंच. पण नाना, आबा जवाईच्या हातात देऊ नको म्हणाले. पोरीच्या हातात देऊ नको, असं म्हणाले नाहीत. तुम्हाला दोघांचे हात एकच वाटतात, यात आबांचा दोष नाही.

तरीही तुमची भीती मी मानते. मग साधा मार्ग आहे. पैसे माझ्याही हातात देऊ नका. झुंबरबाईच्या नावे चेक लिहा, खरेदीखत माझ्या एकटीच्या नावे होईल. जवाईच्या हातात पै जाणार नाही आणि आबांचा शब्द राहील. याला तुमच्या विवेकाधिकाराची हरकत असायचं कारण मला तरी दिसत नाही.

मी इथल्या वकीलबाईंना कागद दाखवला. त्या म्हणाल्या, विश्वस्ताला योग्य वाटेल तेव्हा म्हणजे त्याला वाटेल तसं नव्हे. तो अधिकार त्याने सारासार बुद्धीने आणि प्रामाणिकपणे वापरला नाही तर दिवाणी कोर्ट त्यात लक्ष घालू शकतं. आपल्या घरातलं भांडण कोर्टात न्यावं असं मला वाटत नाही. पण दसऱ्याला पदपथावर मेस लावावी असंही वाटत नाही. मे महिनाभर वाट बघते. नंतर वकीलबाई लिहितील.

रत्ना

धुळे
२० जुलै २०२३

चि. सौ. रत्ना,

तुझ्या वकिलाची नोटीस आली. पोस्टमनने दारात सही घेतली तेव्हा शेजारचे छगनराव उभे होते. सदतीस वर्षांच्या नोकरीत माझ्यावर एक मेमो नव्हता. या वयात पुतणीने नोटीस पाठवली. तुझी काकू त्या दिवसापासून माझ्याशी धड बोलत नाही, जणू नोटीस मीच लिहिली.

मी रागाने निर्णय घेणारा माणूस नाही. नोटिशीला घाबरून तर नाहीच. परंतु सर्व बाजूंचा विचार करता, विवेकाधिकार वापरून, तुझ्या घरासाठी ट्रस्टची रक्कम देण्याचं मी ठरवलं आहे. पुन्हा वकिलाकडे जायचं काम नाही.

योगायोगाने धोंड्याचा महिना लागला आहे. तीन वर्षांनी येतो. जितेंद्ररावांना धोंड्याचं जेवण घालायचं राहून गेलेलं आहे, आबा नाहीत तेव्हा ते माझंच कर्तव्य. सहा ऑगस्टला रविवारी दोघं या. त्याच दिवशी शुभमुहूर्तावर सगळं रीतसर देऊन टाकतो.

लोटननाना

जळगाव
२९ जुलै २०२३

ती. नाना,

तुमचं पत्र वाचून मी ओट्यावरच बसून घेतलं. किरणने विचारलं काय झालं, तर मी पत्रच पुढे केलं. मागच्या पत्रांतून मी जे तोडून बोलले त्यातलं तुम्हाला लागलं असेल ते विसरा. सगळंच मी परत घेणार नाही, तो माझा स्वभाव तुम्ही जाणता. पण आज मला आबा भेटल्यासारखं वाटतंय.

सहा तारखेला नेमका झुंबरबाईचा मुलगा सुरतेहून येतोय. खरेदीचे कागद बघायला आणि बोलणी पक्की करायला मला इथे थांबावंच लागेल. पण धोंड्याचं ताट रिकामं राहू नये म्हणून किरणच्या पप्पांना एकट्यांना पाठवते. त्यांना काकूंच्या हातचे खापरावरचे मांडे आवडतात, महिनाभर त्यांचीच वाट बघताहेत. चेक तेवढा झुंबरबाईच्या नावे लिहून मला पोस्टाने पाठवा. तुमचा पोस्टावर विश्वास आहेच.

काकूंना सांगा, नव्या घरात पहिली पंगत त्यांची.

तुमची,
रत्ना

धुळे
८ ऑगस्ट २०२३

चि. सौ. रत्ना,

परवाचा सोहळा फार देखणा झाला, म्हणून मुद्दाम लिहितो. तू हवी होतीस.

जितेंद्रराव पांढरा सदरा घालून आले. पाटाभोवती रांगोळी काढली होती. तुझ्या काकूने पुरणाचे धोंडे केले, मांडे केले, रस्सा केला. जावयांनी पाच मांडे खाल्ले. मग चांदीच्या ताटात तेहतीस अनारसे, वर तुपाचा दिवा, असं वाण दिलं. आणि दिव्याच्या खाली ट्रस्टचा चेक ठेवला. त्यांना आधी काही कल्पना नव्हती. चेक पाहिल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्या पायांवर डोकं ठेवलं. सासऱ्याच्या माघारी आपला मान राखणारं कोणी आहे, असं म्हणाले. मलाही भरून आलं.

झुंबरबाईच्या नावाचं तू लिहिलं होतंस. पण जावयाच्या ताटात परक्या बाईच्या नावाचा कागद ठेवणं बरं दिसत नाही, बायकोच्या नावाचा ठेवणं तर त्याहून नाही. लेकीला द्यायचं ते जावयाच्या हातून, ही रीतच आहे. म्हणून चेक जितेंद्ररावांच्याच नावे लिहिला. ते खोल्यांचं बघून घेतील. घर नवऱ्याने घेऊन दिलं, असंच लोकांत होईल आणि तुझाही मान वाढेल.

आता तरी तुझ्या मनासारखं झालं ना? वास्तुशांतीचं आमंत्रण पाठव. पोस्टाने नको, या वेळी फोन चालेल.

लोटननाना

जळगाव
२४ ऑगस्ट २०२३

विश्वस्त साहेबांस,

किरणचे पप्पा त्या रविवारी रात्री परत आले. अनारशांचा डबा दिला आणि म्हणाले, नानांनी चेक पोस्टाने पाठवतो म्हणून सांगितलंय. मी ते अनारसे मेसच्या पोरांना वाटले, सगळ्यांना सांगितलं की आपली मेस आता स्वतःच्या जागेत जाणार. मग पोस्टमनची वाट बघत बसले. त्याने आणलं ते तुमचं पत्र.

ते मी त्यांच्यासमोर ठेवलं. एवढा मोठा माणूस भिंतीकडे तोंड करून रडला. जिनिंगच्या कर्जाला त्यांची जामिनकी होती. भागीदार दोन दिवसांनी घरी आला, पाठीवर हात ठेवला, अब्रूचा प्रश्न आहे म्हणाला. यांनी सगळे पैसे त्याला दिले. मला सांगायला धीर झाला नाही. माझा नवरा असं करील हे मला माहीत होतं. आबांना माहीत होतं. आणि तुम्हाला तर आबांनी हात धरून सांगितलं होतं.

नाना, मी किती रागावले आहे हे या कागदावर मावणार नाही. मार्चपासून तुम्ही मला आबांचं ते एक वाक्य दाखवून थांबवलंत. मी थेट झुंबरबाईला द्या म्हटलं, तेही तुम्हाला पुरेसं सुरक्षित वाटलं नाही. पोरीच्या हातात पैसा जाईल या भीतीने तुम्ही सहा महिने काढलेत आणि जवाई जेवायला बसला तसा त्याच्याच ताटात नेऊन ठेवलात, वर तुपाचा दिवा लावून. आबांचा शेवटचा शब्द तुम्ही माझ्याविरुद्ध सांभाळलात आणि पाच मांडे होईपर्यंत विसरलात.

तो तुमचा मान होता, त्यांचा मान होता. पैसा माझा होता. त्या ताटात माझं घर ठेवलं होतंत आणि मला विचारायला कोणाला सुचलं नाही.

झुंबरबाईचा मुलगा रोज फोन करतो. म्हातारी म्हणते दसऱ्यापर्यंत मी शब्द मोडणार नाही, पुढचं मुलाच्या हातात. वकीलबाई म्हणतात, ज्याला द्यायचं त्याला न देता विश्वस्ताने दुसऱ्याला दिलं तर ते त्याने पदरचे भरून द्यावे लागतात. तसे भरून द्या. मी आता पुतणी म्हणून मागत नाही.

रत्ना जितेंद्र पाटील

धुळे
११ सप्टेंबर २०२३

सौ. रत्ना जितेंद्र पाटील हिस,

तुझं पत्र मिळालं. घडलं ते दुर्दैवी आहे. परंतु मी जे केलं ते रीतीला धरून व चांगल्या हेतूने केलं. रक्कम कोणत्या प्रकारे द्यावी हे विश्वस्तांना योग्य वाटेल तसं ठरवण्याचा अधिकार कागदात आहे. नवऱ्याने बायकोचे पैसे कुठे खर्च केले हा पतिपत्नींमधला विषय असून त्यात विश्वस्त पडू शकत नाही.

ट्रस्टमध्ये आता रक्कम शिल्लक नाही. सबब पुढील पत्रव्यवहाराचं कारण उरत नाही.

लो. दे. पाटील
विश्वस्त

धुळे
३ ऑक्टोबर २०२३

चि. रत्ना,

हे अक्षर तू ओळखणार नाहीस. या घरात पत्रं लिहितात ते नाना. मी पाकिटं चिकटवते. पण लिहिलेलं पत्र ते रात्री जेवताना मोठ्याने वाचून दाखवतात, आपण किती मुद्देसूद लिहिलं ते मला कळावं म्हणून. तुझीही वाचतात. त्यामुळे मला बठ्ठं, अगदी सगळं माहीत आहे.

धोंड्याच्या दिवशी मी खापरावर मांडा टाकत होते. हे आत आले, चेक लिहिलेला दाखवला. मी म्हटलं, यावर रत्नाचं नाव कुठे आहे? आबाभाऊजींनी दवाखान्यात काय सांगितलं होतं? तिथे मीही उभी होते, पेज घेऊन. हे म्हणाले, तुला यातलं कळत नाही, मांडा जळतोय तिकडे बघ. मांडा जळतच होता. मी तिकडे बघितलं. तेव्हा ताट तिथून उचलायला हवं होतं.

तू कोर्टात जा. खुशाल जा. मी साक्ष द्यायला येईन, दोन्ही ठिकाणी मी काय ऐकलं ते न्यायाधीशाला सांगेन. पण कोर्टाची तारीख दसऱ्याआधी लागणार नाही, एवढं मला कळतं. म्हणून दुसरं केलं आहे ते सांगते.

वलवाडीला आमचा एक फ्लॅट आहे, भाड्याने दिलेला. तो यांनी निवृत्तीच्या पैशातून घेतला आणि माझ्या नावावर केला. बाईच्या नावाने केलं की सरकारी फीत सवलत मिळते, म्हणून. मला सही करायला नेलं आणि येताना एक नारळपाणी पाजलं. सवलत किती वाचली ते वर्षभर सगळ्यांना सांगत होते. घर माझं झालं हे काही कोणाला सांगितलं नाही, मलाही नाही. ते मी आता रजिस्ट्री कचेरीत जाऊन विचारून आले. भाडेकरू मास्तर आहेत, त्यांना तो हवाच होता. पितृपक्ष संपला की घटस्थापनेला खरेदीखत. पैसे येतील ते यांनी ट्रस्टचे म्हणून भरायचे आणि झुंबरबाईच्या नावाचा चेक यांनीच स्वतःच्या हाताने लिहायचा. तो मी घेऊन येते, एसटीने. पोस्टाने नाही.

परवा आबाभाऊजींचं श्राद्ध झालं. पान वाढायची वेळ झाली, हे सोवळं नेसून बसले. मी म्हटलं, आधी त्यांच्या पोरीचं सांगा, मग मी पान वाढते. मग मी फ्लॅटचं सांगितलं. हे पाटावरून उठले. म्हणाले, आयुष्यभराची कमाई आहे ती, विकायच्या आधी मला विचारायचं नाही का?

मी म्हटलं, "लेखी अर्ज करा. मले योग्य वाटी तवय दखसू."

कालपासून टेबलाशी कागद घेऊन बसलेत. अजून मायना सुचलेला नाही.

तुझी,
बेबाकाकू